तक्त्यातली तारीख कॅलेंडरात जाताना

या भागात जे बोललो, ते इथे लेखाच्या रूपात. लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून भाग अर्धाच ऐकला असेल, तर इथून पुढे वाचा.

परीक्षा जवळ आली की कॉलेजच्या ग्रुपवर एक एक्सेल फाइल येऊन पडते. पंचवीस-तीस ओळी. विषय, तारीख, वेळ, खोली नंबर. आपण काय करतो? फोनवर ती फाइल उघडून बोटांनी मोठी करतो, आपली बॅच शोधतो, स्क्रीनशॉट काढतो, आणि तो स्क्रीनशॉट गॅलरीत चारशे फोटोंखाली गाडला जातो. मग कोणीतरी हुशार म्हणतं, "अरे, ही फाइल सरळ कॅलेंडरमध्ये टाका ना! फोन स्वतः आठवण करून देईल." कल्पना उत्तम. तुम्ही फाइल टाकता, आणि ४ मेची प्रॅक्टिकल ५ एप्रिलला जाऊन बसते. ४ मेच्या सकाळी फोन गप्प.

चूक कोणाची? फाइल बनवणाऱ्याची नाही, तुमचीही नाही. ही चूक थोडी १९८३ सालची आहे, थोडी १९९६ सालची, आणि थोडी तर कॉम्प्युटरच्याही आधीची. म्हणून आजचा विषय: तक्त्यातली तारीख कॅलेंडरात कशी जाते, आणि वाटेत तिचं काय काय होतं.

फळ्यावरचे रकाने

सुरुवात १९७८ साली, अमेरिकेत. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी शिकत होता. व्यवसायाचं नियोजन शिकवायचं तर फळ्यावर आडवे-उभे रकाने आखून आकडे लिहायचे. मधला एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहायचे. ब्रिकलिनला वाटलं, हा फळा स्वतःच हिशोब करायला लागला तर? बॉब फ्रँकस्टन या मित्राने प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरसाठी 'व्हिसिकॅल्क' बाजारात आलं. घरगुती कॉम्प्युटरवर चालणारी ही पहिली स्प्रेडशीट. केवळ हा एक प्रोग्रॅम वापरता यावा म्हणून लोकांनी कॉम्प्युटर विकत घेतले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे वारंवार लागणार आहे. हा तक्ता जन्माला आला तो पैशांच्या हिशोबासाठी. त्याच्या जगात प्रत्येक गोष्ट एकतर आकडा असते, नाहीतर अक्षरं. 'दिवस' नावाची तिसरी गोष्ट त्याला माहीतच नव्हती.

मग व्यवहारात तारखा तर लागतातच! कर्जाचा हप्ता कधी, माल कधी पोचणार, दोन तारखांमध्ये किती दिवस. यावर उपाय निघाला तो असा: तारीख म्हणजेसुद्धा एक आकडाच समजायचा. एखाद्या दिवसाला एक नंबर द्यायचा आणि तिथून पुढे मोजत जायचं.

जो दिवस कधी उगवलाच नाही

१९८३ मध्ये 'लोटस १-२-३' आलं आणि त्याने व्हिसिकॅल्कला मागे टाकलं. लोटसने ठरवलं, १ जानेवारी १९०० म्हणजे दिवस क्रमांक १. पुढचा दिवस २. असंच पुढे. या मोजणीत आपला स्वातंत्र्यदिन, १५ ऑगस्ट १९४७, हा दिवस आहे १७३९४. महाराष्ट्र राज्य झालं तो १ मे १९६० म्हणजे २२०३७. खरं वाटत नसेल तर आत्ता फोनवर एक्सेल उघडा, एका चौकटीत १७३९४ लिहा आणि फॉरमॅट 'डेट' करा.

पण या मोजणीत एक दिवस जास्तीचा आहे. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. शाळेतला नियम आठवा: चारने भाग जाणारं वर्ष लीप, पण शतकाचं वर्ष असेल तर ४०० ने भाग जायला हवा. १९०० ला ४०० ने भाग जात नाही. म्हणजे २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस पृथ्वीवर कधी उगवलाच नाही. लोटसच्या हिशोबात मात्र तो होता, आणि त्याचा नंबर ६०.

१९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचं एक्सेल आलं, आधी मॅकिंटॉशवर, मग १९८७ मध्ये विंडोजवर. लोकांनी लोटस सोडून एक्सेलकडे यायचं, तर त्यांच्या जुन्या फाइली जशाच्या तशा उघडायला हव्यात. मायक्रोसॉफ्टने काय केलं असेल? तो खोटा दिवससुद्धा तसाच उचलला. जाणूनबुजून! आजही एक्सेलमध्ये ६० लिहून तारीख मागा, २९ फेब्रुवारी १९०० मिळेल. नंतर दुरुस्त का केलं नाही? मायक्रोसॉफ्टने याचं उत्तर उघडपणे दिलेलं आहे: आता दुरुस्त केलं तर जगभरच्या फाइलींमधली जवळपास प्रत्येक तारीख एका दिवसाने सरकेल. चूक इतकी रुजली, की तीच नियम झाली.

मॅकवर वेगळीच तऱ्हा. सुरुवातीच्या मॅकिंटॉशची तारखांची मोजणीच १ जानेवारी १९०४ पासून होती. १९०० चं भांडणच नको! त्यामुळे मॅकवरच्या एक्सेलमध्ये वर्षानुवर्षं १९०४ ची मोजणी चालली. दोन मोजण्यांमधला फरक १४६२ दिवसांचा, म्हणजे ४ वर्षं आणि १ दिवस. एका पद्धतीतले कच्चे आकडे उचलून दुसऱ्या पद्धतीच्या फाइलीत टाकले, तर ४ मे २०२६ ची परीक्षा ५ मे २०३० ला होणार. पुष्कळ अभ्यास होईल म्हणा!

तर मंडळी, पहिला धडा हा. चौकटीत तुम्हाला '४ मे २०२६, सकाळी साडेनऊ' दिसतं, पण आत साठवलेलं असतं ४६१४६ आणि पुढे अपूर्णांक, ०.३९५८३. साडेनऊ म्हणजे दिवसाचा साधारण ४० टक्के भाग संपला, एवढाच त्याचा अर्थ. बाकी सगळी रंगरंगोटी.

तक्ता अंदाज बांधतो

आता पुढची अडचण. आपण चौकटीत ४६१४६ लिहीत नाही, आपण लिहितो ०४/०५/२०२६. हे अक्षरांचं बाड आहे की तारीख, हे ओळखायचं काम स्प्रेडशीट स्वतःच्या अंगावर घेते. आणि ओळखते कशावरून? तुमच्या कॉम्प्युटरचा देश कोणता लावलाय त्यावरून.

आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. सेटिंग भारताची असेल तर ०४/०५ म्हणजे ४ मे. सेटिंग अमेरिकेची असेल, आणि पुष्कळ कॉम्प्युटरवर ती बदललेलीच नसते, तर तेच ५ एप्रिल. सुरुवातीला सांगितलेला गोंधळ तो हाच.

यातली खरी मेख पुढे आहे. अमेरिकन सेटिंगवर १३/०५/२०२६ लिहिलंत तर तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल ते तारीख म्हणून घेतच नाही, नुसती अक्षरं म्हणून ठेवतं. म्हणजे एकाच रकान्यात १२ तारखेपर्यंतच्या ओळी गुपचूप उलट्या झालेल्या, आणि १३ नंतरच्या ओळी तारीखच नसलेल्या. ओळखायची खूण सोपी आहे: तारीख असेल तर ती चौकटीत उजवीकडे चिकटते, अक्षरं असतील तर डावीकडे. एकाच रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसलं, की समजा घोळ आहे.

हा अंदाज बांधण्याचा स्वभाव किती महागात पडतो, ते जीवशास्त्रज्ञांना विचारा. माणसाच्या काही जनुकांची नावं होती 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशी. शास्त्रज्ञ यादी एक्सेलमध्ये टाकायचे आणि एक्सेल त्याच्या १ मार्च, २ सप्टेंबर अशा तारखा करून टाकायचं. हा धोका २००४ मध्येच एका शोधनिबंधाने दाखवला होता. २०१६ मधल्या दुसऱ्या पाहणीत दिसलं, की ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या होत्या, त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये कोण नमलं? जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली! मार्च-१ चं 'मार्च-एफ-१' झालं, सेप्ट-२ चं 'सेप्टिन-२'. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय २०२३ मध्ये आली.

स्वल्पविरामाचा पूल

तक्त्यातून माहिती बाहेर न्यायची तर बहुतेक वेळा एकच वाट असते: सीएसव्ही फाइल. म्हणजे काय, तर प्रत्येक ओळ ही ओळ, आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. संपलं. रंग नाही, सूत्र नाही, काही नाही. स्वल्पविरामाने माहिती वेगळी करायची पद्धत १९७० च्या दशकात आयबीएमच्या फोरट्रान भाषेत होती, म्हणजे स्प्रेडशीटच्याही आधी. गंमत म्हणजे या फाइलीचे नियम नीट लिहून काढले गेले ते २००५ मध्ये. तोवर तीसेक वर्षं सगळं जग समजुतीवर चाललं होतं.

या पुलावरून जाताना दोन गोष्टी घडतात. एक, आतला ४६१४६ हा आकडा मागे राहतो आणि चौकटीत जे दिसत होतं तेवढंच अक्षरांच्या रूपात पुढे जातं. म्हणजे पलीकडच्या कॅलेंडरला ०४/०५ चा अंदाज पुन्हा नव्याने बांधावा लागतो. एकदा चुकायची संधी होती, आता दोनदा झाली.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त जवळची. मराठीत लिहिलेलं शीर्षक, 'रसायनशास्त्र प्रात्यक्षिक', फाइल सेव्ह केल्यावर नुसती प्रश्नचिन्हं होऊन बाहेर येतं. कारण साधी सीएसव्ही निवडली की एक्सेल जुनी, फक्त रोमन वळणाची अक्षरं ओळखणारी पद्धत वापरतं. देवनागरीला १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच जागा मिळाली होती, पण सवयी सावकाश बदलतात. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा पर्याय दिसतो, तो निवडा. गूगल शीट्समधून फाइल काढली तर ही अडचण येत नाही.

कॅलेंडरची स्वतःची भाषा

आता पुलाच्या पलीकडे जाऊ. १९९० च्या दशकात लोकांच्या हातात डिजिटल डायऱ्या आल्या. १९९६ मध्ये पाम पायलट आलं, खिशात मावणारं, त्यात नोंदवही, पत्ते आणि कॅलेंडर. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर वेगळं कॅलेंडर, खिशात वेगळं, घरी तिसरं. एकाचं दुसऱ्याला कळेना.

त्याच वर्षी ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांच्या 'व्हर्सिट' नावाच्या गटाने 'व्हीकॅलेंडर' हा नमुना पुढे आणला. त्यातून १९९८ मध्ये इंटरनेटचं अधिकृत मानक तयार झालं: 'आयकॅलेंडर'. तुमच्या मेलमध्ये कधी शेवटी 'आयसीएस' लिहिलेली फाइल आली असेल, लग्नाचं आमंत्रण असेल किंवा ऑनलाइन इंटरव्ह्यू, ती हीच.

आणि हे मानक लिहिलं कोणी? दोन माणसांनी. फ्रँक डॉसन आणि डेरिक स्टेनरसन. डॉसन लोटसचे, स्टेनरसन मायक्रोसॉफ्टचे! ज्या दोन कंपन्यांच्या स्प्रेडशीटमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा नसलेला दिवस नांदत होता, त्याच दोन कंपन्यांची माणसं आता दिवस कसा लिहायचा हे ठरवत होती.

या वेळी मात्र अंदाजाला जागा ठेवली नाही. आयकॅलेंडरमध्ये तारीख लिहायची एकच पद्धत: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२६०५०४. मधे टी हे अक्षर, आणि पुढे वेळ, ०९३०००. एप्रिल की मे, असा वाद होऊच शकत नाही. ही मोठ्याकडून लहानाकडे जाणारी तारीख १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाला धरून होती.

त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी या मानकाने मागितल्या, ज्या तक्त्यात कधीच नसतात.

पहिली म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाला स्वतःचा, जगात एकमेव असा ओळख क्रमांक. समजा, प्रॅक्टिकल पुढे ढकलली. ओळख क्रमांक तोच असेल तर कॅलेंडरला कळतं, की हा जुनाच कार्यक्रम, फक्त वेळ बदलली. तक्त्याच्या ओळीला असा क्रमांक नसतो. म्हणून सुधारलेली सीएसव्ही पुन्हा टाकली की कॅलेंडर दुरुस्त होत नाही. जुनी परीक्षा जागेवर राहते आणि शेजारी नवी उभी राहते. आता दोन परीक्षा, आणि खरी कोणती ते तुम्ही ठरवा!

दुसरी म्हणजे जागा. पृथ्वीवर नेमक्या कुठल्या ठिकाणचे साडेनऊ?

मुंबईचे साडेनऊ, कलकत्त्याचे साडेनऊ

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि शहरातल्या काही घड्याळांत ती १९५५ पर्यंत टिकून राहिली. म्हणजे एकाच शहरात, एकाच दिवशी, 'साडेनऊ' दोनदा वाजत होते. तेव्हा आयसीएस फाइल असती, तर 'कुठले साडेनऊ' हे लिहिल्याशिवाय काम चाललं नसतं.

आज तुमच्या फोनच्या आत वेळेच्या विभागांची एक मोठी यादी असते. आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९८० च्या दशकात ती सुरू केली आणि जगभरचे स्वयंसेवक तिच्यात भर घालत आले. कुठल्या देशाने घड्याळ कधी पुढे केलं, कधी मागे, सगळं त्यात आहे. भारतासाठी त्यात एकच नोंद: 'एशिया/कोलकाता'. मुंबईत बसलेल्या तुमच्या फोनलाही आपण कोलकात्याच्या वेळेत आहोत असंच वाटतं. या यादीचा नियम असा, की १९७० नंतर ज्यांची घड्याळं सारखी चालली त्यांना वेगळी नोंद नाही. मुंबईचं भांडण १९७० च्या आधीच मिटलं होतं.

ही यादी किती नाजूक दोऱ्यावर आहे ते २०११ मध्ये दिसलं. ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या ॲस्ट्रोलेब या अमेरिकी कंपनीने ओल्सन आणि पॉल एगर्ट यांच्यावर खटला भरला. म्हणणं असं, की यादीतली जुन्या वेळांची माहिती आमच्या ग्रंथातली आहे. पत्रिका मांडायला जन्मवेळ अचूक लागते, म्हणून ज्योतिषांनी जुन्या वेळा गोळा केल्या होत्या, आणि आता जगभरचे कॉम्प्युटर त्या माहितीवर चालत होते. काही दिवस यादीची जागा बंद पडली. मग इंटरनेटचे नावं-क्रमांक सांभाळणारी 'आयाना' ही संस्था पुढे आली आणि तिने यादी आपल्याकडे घेतली. २०१२ मध्ये कंपनीने खटला मागे घेतला.

"आपल्याला काय त्याचं?" असं म्हणाल, तर २००७ चा मार्च आठवा, किंवा आयटीतल्या एखाद्या ताईला विचारा. अमेरिकेने उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची तारीख त्या वर्षीपासून बदलली. ज्या कॉम्प्युटरमध्ये नवा नियम पोचला नव्हता, तिथल्या कॅलेंडरमधल्या मीटिंगा एका तासाने चुकल्या. भारतात घड्याळ हलत नाही, पण पलीकडचं हलतं. एडिसनला राहणाऱ्या मावशीचा सकाळचा व्हिडिओ कॉल मार्चमध्ये आपल्याकडे एक तास अलीकडे येतो, तो यामुळेच. नुसत्या तक्त्यात 'रात्री ८' लिहिलं असेल तर ते कोणाकडचे ८, हे तक्ता सांगत नाही.

दोन्ही टोकं एका छपराखाली

१३ एप्रिल २००६ ला गूगल कॅलेंडर आलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गूगल स्प्रेडशीट्स. दोघं सख्खी भावंडं म्हणावी, पण आजही गूगल कॅलेंडरला सीएसव्ही द्यायची असेल तर पहिल्या ओळीत रकान्यांची नावं ठरलेलीच लागतात, तीही इंग्रजीत: सब्जेक्ट, स्टार्ट डेट, स्टार्ट टाइम वगैरे. ही नावं कुठली? मायक्रोसॉफ्ट आउटलुकच्या सीएसव्हीतली. लोकांनी आउटलुकमधून सहज उचलून यावं, म्हणून गूगलने तोच साचा स्वीकारला. लोटसच्या फाइली उघडाव्यात म्हणून एक्सेलने जे केलं होतं, तेच हे, वीस वर्षांनी.

आणि फाइल आत घ्यायचं बटण फोनवरच्या ॲपमध्ये नसतं, त्यासाठी कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्येच जावं लागतं. सायबर कॅफेत किंवा मित्राच्या लॅपटॉपवर हे करणार असाल, तर त्या कॅलेंडरची वेळ कुठल्या देशाची लावली आहे ते आधी बघा. सीएसव्हीत वेळेचा विभाग लिहायला रकाना नसतो, त्यामुळे कॅलेंडर आपलीच वेळ धरतं.

अजून एक जुनं कोडं. आयकॅलेंडरमध्ये दिवसभराच्या कार्यक्रमाची 'शेवटची तारीख' धरलेली नसते. सुट्टी १ ते ५ असेल तर शेवट म्हणून ६ लिहायचा. एखाद्या फुकटच्या वेबसाइटवर तक्त्याची आयसीएस फाइल करून घेतली आणि तिने हे पाळलं नसेल, तर पाचव्या दिवसाची सुट्टी कॅलेंडरमधून गायब.

गणपतीला फोन का चुकतो

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. वाढदिवस 'दरवर्षी' असं एकदा सांगितलं की कॅलेंडर कायमचं लक्षात ठेवतं. मग गणेश चतुर्थी का नाही? २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक महिना असल्याने पुन्हा १४ सप्टेंबर. चंद्र आणि सूर्य दोघांचा मेळ घालणारी तिथी 'दरवर्षी याच तारखेला' या वाक्यात बसतच नाही. २०१५ मध्ये आयकॅलेंडरला जोड मिळाली. चिनी, हिब्रू अशा कालगणनांनुसार पुन्हा येणारे दिवस सांगायची सोय झाली. त्यात 'भारतीय' म्हणून जी कालगणना आहे ती मात्र आपल्या सरकारची राष्ट्रीय शक दिनदर्शिका, २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली, सूर्यावर चालणारी. भाद्रपद शुद्ध चतुर्थी त्यातून निघत नाही.

मग आपले सण फोनमध्ये येतात कसे? कोणीतरी आधी गणित करून तारखांचा तक्ता बनवतं आणि तो तक्ता कॅलेंडरमध्ये ओततं. म्हणजे आजच्या भागाचा जो विषय, तेच.

आणि हे काम आपल्याकडे फार जुनं आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात 'तिथिचिंतामणी' रचला. त्यातली कोष्टकं वापरली, की पंचांग करणाऱ्याला तिथी काढायला लांबलचक गणित नको. १८६० मध्ये टिळकांचे गणिताचे शिक्षक केरूनाना छत्रे यांनी पुस्तक काढलं, त्याचं नावच 'ग्रहसाधनाची कोष्टके'. कोष्टक म्हणजे काय? तक्ता! छत्र्यांनी पाश्चात्त्य ग्रंथांतली नवी आकडेवारी घेतली, तेव्हा जुन्या कोष्टकांची पंचांगं आणि नव्या कोष्टकांची पंचांगं जुळेनात. मूळ तक्ता वेगळा, तर दिवसही वेगळा. पुढे स्वतंत्र भारतात मेघनाद साहांच्या समितीसमोर देशभरातली तिसेक पंचांगं आली, ती याच कारणाने.

म्हणून म्हणतो, कॅलेंडरमध्ये एखादा दिवस ठळक रंगात दिसला म्हणजे तो खरा, असं नाही. त्याच्यामागे कुठला तरी तक्ता असतो, तक्त्यामागे कोणाचं तरी गृहीत असतं. १९०० लीप धरणाऱ्याचं, महिना आधी लिहिणाऱ्याचं, आपल्याच गावचे साडेनऊ खरे मानणाऱ्याचं.

जाता जाता

पुढच्या वेळी ग्रुपवर फाइल आली की एवढं करा. तारखेचा रकाना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा करून घ्या. शेजारी वाराचा एक रकाना ठेवा, कारण वार खोटं बोलत नाही: ४ मे २०२६ सोमवार आहे, ५ एप्रिल रविवार. प्रॅक्टिकल रविवारी दिसली, की लगेच शंका यायला हवी. फाइल टाकण्याआधी कॅलेंडरमध्ये 'परीक्षा' नावाचं वेगळं कॅलेंडर उघडा, म्हणजे सुधारित वेळापत्रक आलं तर ते आख्खं पुसून नवं टाकता येईल, दोन-दोन परीक्षा होणार नाहीत. आणि टाकून झाल्यावर पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन ओळी मूळ फाइलीशी ताडून बघा. त्यातली एक तरी १३ तारखेच्या आधीची असू द्या, उलटापालट होते ती तिथेच. दोन मिनिटांचं काम आहे, वर्ष वाचतं.

तुमच्या घरी जुनी पंचांगं, खतावण्या, शाळेची छापील वेळापत्रकं असतील, तर त्यांतले रकाने एकदा नीट बघा आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा. तोवर घड्याळ सांभाळा, भेटू पुढच्या भागात!